मसाला सुरक्षित आहे, वेबसाइटचं सांगतो

॥ श्री ॥

द्रोणागिरी,
मंगळवार, दुपार

आदरणीय व्याहीबुवा नामाशेठ मढवी, मुक्काम रबाळे, यांस मधुकर घरत याचा गुडघे दुखत असूनही वाकून नमस्कार.

पाकीट पाहून दचकू नका. घरात सगळे सुखरूप आहेत, कोणी गेलेलं नाही, आणि जमिनीचाही कुठला कागद नाही. ग्रामपंचायतीत जन्म गेला तो जावक क्रमांक टाकून पत्रं लिहिण्यात, त्यामुळे महत्त्वाचं काही सांगायचं झालं की माझ्या हाताला फोनपेक्षा पेन बरं वाटतं. शिवाय फोनवर माझं एक वाक्य पुरं व्हायच्या आत भागीरथी फोन काढून घेते. व्हॉट्सअ‍ॅपवर मोठं लिहावं तर तुम्ही नुसता अंगठा पाठवता (तो मंजुरीचा असतो की फक्त पोच, हे मला अजून कळलेलं नाही). तुमची तब्येत कशी आहे? विहीणबाईंची साखर आटोक्यात आहे ना? चाळीतल्या त्या भाडेकरूने गच्चीवरची कबुतरं हलवली का? इकडे आमचं बरं चाललंय असं लिहिण्याची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

तर मुद्दा आपल्या वेबसाइटच्या दाखल्याचा. तुम्हाला यातलं बरंचसं ठाऊक आहे, तरी क्रमाने सांगतो, कारण क्रम चुकला की दोष भलत्याच माणसावर जातो (या प्रकरणात तो माझ्यावर गेलेला आहे). तुमची रंजिता आमच्या घरात सून म्हणून आली तेव्हा भागीरथीचा मसाला ओट्यावरून आणि ओळखीवरून विकला जायचा. कोणाचं लग्न असलं, जत्रा असली की बायका डबे घेऊन यायच्या. रंजिताने त्याची वेबसाइट केली. स्वतः, घरी बसून, कोणाला एक शब्द न विचारता. वर भागीरथीचा फोटो टाकला: नाकात नथ, हातात मिरच्यांनी भरलेलं सूप आणि चेहऱ्यावर ‘झालं का तुमचं, मला कामं आहेत’ असा भाव. पुण्याहून, नाशिकहून, पार दुबईच्या आपल्या पोरांकडून ऑर्डरी यायला लागल्या. गल्लीतल्या बायका कामाला लागल्या. रंजिता हिशेब आणि फोन बघायची, भागीरथी मसाला, रूपेश कंटेनर यार्डातून सुटला की पार्सलं पोचवायचा, आणि मी देखरेख करायचो. (भागीरथी या कामाला दुसरं नाव देते, ते इथे लिहीत नाही.)

मग तुमच्या पुतण्याची हळद आली. मटण आपल्याच मसाल्यातलं होतं आणि लोक बोटं चाटत होते, हे तुम्हीही मान्य कराल. तुम्ही अभिमानाने चार पाहुणे गोळा केलेत, ‘माझ्या लेकीने काय केलंय बघा’ म्हणालात आणि फोन काढलात. तुमचा फोन मराठीत आहे. चांगलं आहे, भाषेचा अभिमान असावाच. पण पत्त्याच्या पट्टीत डावीकडे दोन छोटे शब्द उमटले होते आणि ते तुम्ही वाचलेत. व्याहीबुवा, तुमचा आवाज बैलगाड्यांच्या शर्यतीत कमावलेला आहे, त्यात तुमचा काही गुन्हा नाही. फक्त डीजेवाल्याने नेमकं तेव्हाच गाणं बदलायला घेतलं होतं. ‘भागीरथी मसाले! सुरक्षित नाही!’ हे अख्ख्या मांडवाने ऐकलं, आणि अर्धा मांडव जेवून उठला होता.

एकाने हातातलं ताट खाली ठेवलं. दुसऱ्याने पोट धरलं (ते त्याने आल्यापासूनच धरलं होतं, पण आता त्याला कारण मिळालं). जिने आमच्याकडून दर हंगामात मसाला नेला ती तुमची चुलतबहीण भागीरथीकडे अशी बघायला लागली की जणू हिने आयुष्यभर विटांची भुकटी कुटली. तुमच्या दुसऱ्या पुतण्याने त्या दोन शब्दांचा फोटो काढून गावकीच्या ग्रुपवर टाकला, वर प्रश्नचिन्हं आणि खाली घाबरलेला चेहरा. आम्ही घरी पोचेपर्यंत तो फोटो आमच्या आधी पोचला होता.

 घरी आल्यावर भागीरथीने नथ काढून डबीत ठेवली आणि म्हणाली, “माजा मसाला सुरक्षित नाय? मंग इतकी वर्सं तुमी काय खाल्लंत? रंजिता, माजा फोटो काड तिथून.” दुसऱ्या दिवशी ती मिरच्यांकडे फिरकली नाही. गल्लीतल्या बायका आल्या, ओट्यावर बसल्या, चहा प्यायल्या आणि गेल्या. दोन लग्नांच्या ऑर्डरी रद्द झाल्या. भागीरथीला मी रागावलेली पुष्कळदा पाहिली आहे, त्याची मला सवय आहे, पण गप्प बसलेली पाहिली नव्हती.

रंजिताने तिला समजावलं, आणि मीही ऐकत होतो (वर्तमानपत्राआडून). ती म्हणाली, “आई, ते मसाल्याबद्दल नाहीये. गिऱ्हाईक आपल्या साइटवर नाव, पत्ता, नंबर लिहितं ना, ते आपल्यापर्यंत उघडं येतं, पोस्टकार्डासारखं. साइटला एक सर्टिफिकेट लावलं की ते बंद पाकिटातून येतं. ते लावायचं माझ्याकडून राहून गेलं. आपण साइट जिथे ठेवलीय ना, ती कंपनीच ते फुकट देते. एक बटण दाबायचं. संध्याकाळी करते.”

आता व्याहीबुवा, तुम्हीच सांगा. सर्टिफिकेट म्हणजे दाखला. आणि दाखला म्हणजे काय असतो ते तुम्हाआम्हाला कोणी शिकवायला नको. आपल्या जमिनी शहरासाठी गेल्या तेव्हा प्रकल्पग्रस्ताचा दाखला मिळवायला आपण काय काय केलं? या खिडकीवरून त्या खिडकीवर, साहेब जेवायला, साहेब मीटिंगला, साहेबांची बदली. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटसाठी तर माझ्या वडिलांनी चपला झिजवल्या आणि उरलेल्या मी. ज्या दाखल्यासाठी एकही झेरॉक्स काढावी लागत नाही, कोणाच्या टेबलापाशी उभं राहावं लागत नाही, तो दाखला फुकट आणि बटण दाबून? असला दाखला दाखवून आपण गावाला सांगणार की भागीरथी घरत सुरक्षित आहे? मी म्हणालो, बटणाला हात लावायचा नाही, मी चौकशी करतो. रंजिता म्हणाली, “पप्पा, सगळे हाच लावतात.” मी म्हणालो, सगळ्यांच्या बायकांचा अपमान मांडवात झालेला नाही. (हे वाक्य मला तेव्हा फार चांगलं वाटलं होतं.)

चौकशीला मी खांदेश्वरला गेलो. स्टेशनसमोर पहिल्या मजल्यावर प्रसाद नावाच्या गृहस्थाचं ऑफिस आहे, वेबसाइटी, पत्रिका आणि पॅन कार्ड अशी तिन्ही कामं करतो. माणूस फार गोड. आधी पाणी दिलं, मग चहा सांगितला, मग वहीत तीन घरं काढली. म्हणाला, काका, दाखले तीन प्रकारचे. पहिला नुसतं एवढंच सांगतो की हे दार तुमचं आहे. तो फुकट मिळतो, पण त्याला विचारतो कोण? दुसरा सांगतो की दारामागे खरोखर संस्था आहे. त्यासाठी कागद तपासतात. आणि तिसरा म्हणजे सगळ्यांत वरचा. त्यात कागद तपासतात, फोन करतात, सगळी कुंडली काढतात, आणि मग ब्राउझरमध्ये तुमच्या नावाची हिरवी पट्टी येते. मी लगेच म्हणालो, तिसरा. कागद तपासणार म्हटल्यावर माझा त्या दाखल्यावर विश्वास बसला.

पण मी काही पहिल्याच दुकानात पाघळणारा माणूस नाही. वाशीला एका एसी ऑफिसात गेलो. तिथल्या बाईंनी ‘वाइल्डकार्ड’ घ्या सांगितलं, म्हणजे साइटच्या जेवढ्या शाखा तेवढ्यांना एकच दाखला. आमची शाखा एकही नाही म्हणालो, तर म्हणाल्या, उद्या होतील ना. (क्षणभर मला जासई, उलवे, पनवेल अशा पाट्या डोळ्यांसमोर दिसल्या.) मग एका कंपनीचा फोन यायला लागला, ‘सर जी’ ‘सर जी’ करणारा. त्यांच्या पानावर एक घड्याळ उलटं चालत होतं, ते शून्यावर आलं की सवलत संपणार. मी डोळ्यांत तेल घालून बसलो. ते शून्यावर आलं आणि पुन्हा पहिल्यापासून चालू झालं. प्रत्येक दाखल्याबरोबर हमी होती: दाखल्याच्या चुकीने कोणाचं नुकसान झालं तर भरपाई. मी प्रसादला विचारलं की मटण खाऊन कोणाच्या पोटात दुखलं तर ती हमी लागू होते का. तो म्हणाला, काका, तसं लिहिलेलं नाही, पण नाही असंही लिहिलेलं नाही. असा मोकळा माणूस मला त्या सगळ्या फिरण्यात दुसरा भेटला नाही. दाखला त्याच्याकडूनच घ्यायचा ठरवला.

अर्जात अर्जदाराचा हुद्दा विचारला होता. ‘देखरेख’ असा पर्याय नव्हता, म्हणून मी ‘व्यवस्थापकीय संचालक’ लिहिलं. मग कागद. धंद्याची नोंदणी भागीरथीच्या नावावर. नोंदणीवर पत्ता जुन्या गावचा, घर नंबर आणि खाली तालुका उरण. घरपट्टीवर तोच पत्ता, पण घर नंबर वेगळा (तो आमच्याच ग्रामपंचायतीने दोनदा बदलला, एकदा माझ्या हस्ताक्षरात). बँकेत सेक्टर आणि प्लॉट. लाइट बिल अजून वडिलांच्या नावावर. तपासणाऱ्या कंपनीने सगळे कागद पाहिले आणि इंग्रजीतून फार अदबीने मेल पाठवला की श्री. बाळाराम घरत यांनी आमच्याशी संपर्क साधावा, तेच या जागेचे मालक दिसतात. वडिलांना जाऊन किती काळ लोटला. मी तसं कळवलं. त्यावर उत्तर आलं की मग त्यांच्या वतीने त्यांनी अधिकृत केलेल्या व्यक्तीने संपर्क साधावा. रूपेश तो मेल वाचून इतका हसला की त्याला ठसका लागला. मला मात्र त्या कंपनीबद्दल आदरच वाटला. आपल्या तहसीलची आठवण झाली.

शेवटी कळवलं की कागदांचं आम्ही बघून घेऊ, आता फक्त फोनवरून पडताळणी राहिली. फोन नोंदणीतल्या नंबरावर येणार. तो नंबर भागीरथीचा. मी तिला बजावून ठेवलं होतं की अनोळखी नंबर आला तर मला हाक मार. पण फोन आला तेव्हा मी मोरा बंदराकडे मासळी बघायला गेलो होतो, आणि ती गच्चीवर वाळवलेल्या मिरच्या उचलत होती. पुढचं मला शेजारच्या उज्वलाकाकूंनी सांगितलं, कारण संभाषण त्यांच्या गच्चीवर ऐकू येत होतं. पलीकडच्या माणसाने हिंदीतून विचारलं, मधुकर घरत आपके यहाँ काम करते हैं?

भागीरथी म्हणाली, “नाय.”

त्याने पुन्हा विचारलं. ती म्हणाली, “काम मी करतंय नि माजी सून करतंय. ते पेपर वाचतान.”

त्याने विचारलं की व्यवस्थापकीय संचालक कोण. तिने सांगितलं की असा कोणी इथे राहत नाही, पलीकडच्या गल्लीत विचारा. मग तो माणूस कुठून बोलतोय ते तिने विचारलं, आणि त्याने बिचाऱ्याने सर्टिफिकेटचं नाव घेतलं. झालं. माझा मसाला सुरक्षित नाही असं लिहिणारा तो तूच काय, इथपासून तिने जी सुरुवात केली ती मिरच्या संपेपर्यंत. उज्वलाकाकू म्हणतात, पलीकडचा माणूस शेवटी मराठीत ‘हो आई’, ‘हो आई’ म्हणायला लागला होता.

हे सगळं चालू असताना वेबसाइटवर ते दोन शब्द तसेच होते, आणि रंजिता रोज विचारत होती, “पप्पा, आता बटण दाबू का?” मला वाटलं, खरा दाखला येईपर्यंत निदान गावाचं तोंड बंद करावं. प्रसाद म्हणाला की मी तात्पुरता एक बसवून देतो, फक्त पासवर्ड द्या. पासवर्ड रंजिताकडे. त्याला घरी बोलावलं. त्याच्यासोबत आमचे दोन शेजारी आले, एक पाहुणे आधीच बसलेले होते. रंजिता म्हणाली, “हे कोणाचं सर्टिफिकेट लावताय? आपल्या नावाचं नसेल तर आणखी बिघडेल.” आणि मी, व्याहीबुवा, त्या चार माणसांसमोर तिला म्हणालो की तुला यातलं काय कळतं, मोठी माणसं बोलत आहेत.  रंजिताने पासवर्ड कागदावर लिहून दिला, प्रसादपुढे चहा ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हवापालटासाठी तुमच्याकडे आली. (रबाळ्याला कारखान्यांच्या शेजारी हवापालटाला कोणी आल्याचं मी आधी ऐकलं नव्हतं, पण मी विचारलं नाही.)

प्रसादने जो बसवला तो दाखला खारघरच्या एका ब्युटी पार्लरचा निघाला. म्हणजे आपल्या मसाल्याच्या दारावर दुसऱ्याच बाईच्या नावाची पाटी. ब्राउझरला ते ताबडतोब कळलं. आता साइट उघडली की ते दोन छोटे शब्द गेले होते, ही गोष्ट खरी. त्यांच्या जागी आख्खं पान आलं होतं, वर लाल खूण, आणि खाली मराठीत लिहिलेलं की हल्लेखोर कदाचित तुमची माहिती चोरण्याचा प्रयत्न करत आहेत. हल्लेखोर! गावकीच्या ग्रुपवर तो फोटो गेला आणि तासाभरात भागीरथीचा भाऊ दत्तू दोन माणसं आणि एक काठी घेऊन ओट्याशी उभा. कोनी हल्ला केला, कुटं हाय तो, असं विचारत घरभर फिरला. मी त्याला ब्युटी पार्लर समजावून सांगितलं. ते ऐकून त्याने माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. मग त्याने बहिणीला बाजूला घेऊन विचारलं की भावजींचं पार्लरवालीशी काय प्रकरण आहे.

त्या दिवसापासून माझं जेवण बदललं. भागीरथीने भांडण केलं नाही. तिने फक्त माझ्या वाटचं कालवण वेगळं करायला सुरुवात केली, हळद आणि मीठ, बस. बोंबील पिवळे, कोळंबी पिवळी, वालाची आमटीसुद्धा पिवळी. रूपेशच्या ताटात लालभडक तवंग आणि माझ्या ताटात रुग्णालय. विचारलं तर म्हणते, “सुरक्षित नाय ना. उगा तुमाला काय जालं तर?” रूपेशला मी म्हणालो की जरा मध्ये पड. तो म्हणाला, “पप्पा, मी यार्डात दिवसभर कंटेनरच्या मध्ये पडतो, घरी नको.” (पोरगा शांत आहे, पण जागा बरोबर ओळखतो. रोज पाळी संपली की तो रबाळ्याला तुमच्याकडे येतो हे मला माहीत नाही असं त्याला वाटतं.)

आणि मग परवा चमत्कार झाला. दुपारी मी सहज साइट उघडली. लाल पान नाही, हल्लेखोर नाही, दोन शब्दही नाहीत. भागीरथीचा फोटो झळकत होता. लगोलग ओट्यावर एक माणूस पार्सल न्यायला हजर झाला, म्हणजे ऑर्डरी यायला लागलेल्या होत्या. मी काय समजलो असेन ते तुम्ही ओळखलंत. माझा तिसऱ्या प्रकारचा दाखला आला! हिरवी पट्टी शोधली, दिसली नाही. निदान कुलूप असतं असं ऐकलं होतं, तेही दिसलं नाही. त्या जागी नुसत्या दोन आडव्या रेघा आणि त्यांच्यावर दोन गोळे, गाण्याच्या मशीनवर बटणं असतात तशा. पण मी म्हटलं, वरच्या दर्जाचं असंच असणार, ज्याला कळायचं त्याला कळावं. बाजारात जाऊन पेढे आणले. गल्लीभर वाटले. ग्रामपंचायतीत जाऊन वाटले, तिथे जाहीर केलं की अख्ख्या उरण तालुक्यात असा दाखला आपल्याकडेच. सरपंचांनी विचारलं, या दाखल्याला कोणाची सही लागते? मी म्हणालो, फार वरची.

घरी आलो तो प्रसादचा फोन. म्हणाला, काका, वाईट वाटतं, पण तुमचा अर्ज नामंजूर झाला. तुमचा हुद्दा पडताळता आला नाही असं त्यांनी लिहिलंय. मी म्हणालो, अरे, मग साइटवर आहे तो कुठला? त्याने दोन मिनिटं बघितलं आणि घसा खाकरला. म्हणाला, काका, हा तो फुकटवालाच आहे, तुमची साइट ठेवणारी कंपनी देते तो. कोणीतरी आत जाऊन माझा काढला आणि बटण दाबलंय. आणि ती हिरवी पट्टी? ती आता ब्राउझरवाल्यांनी बंद केलीय काका, कुलूपसुद्धा काढलंय, सगळ्यांना सारखंच दिसतं. मग तू मला हिरवी पट्टी का सांगितलीस? तर म्हणाला, माझ्याकडचं माहितीपत्रक जुनं होतं. पेढ्याचा खोका माझ्या हातात तसाच होता. मी त्यातला शेवटचा पेढा स्वतःच खाल्ला, कारण त्यात मसाला नव्हता, म्हणून तरी तो मला खायची परवानगी होती.

भागीरथी आतून सगळं ऐकत होती. म्हणाली, “ते रंजिताने केलं. तुमच्या त्या प्रसादने पासवर्ड बदलला होता, पन तो परत बदलायचा मेल तिच्याच फोनवर येतो ना. तिकडं बसून केलं तिने. रोज फोन होतो आमचा.” मी विचारलं, मग मी पेढे आणायला निघालो तेव्हा का नाही सांगितलंस? म्हणाली, बऱ्याच दिवसांनी तुम्ही कामाला निघाला होता, म्हटलं जाऊ द्या.

तर अशी ही हकिकत. मसाला पुन्हा कुटायला लागले आहेत, गल्लीतल्या बायका आल्या आहेत, आज सकाळपासून घरात मिरचीच्या ठसक्यांशिवाय दुसरा आवाज नाही, म्हणजे सगळं ठीक आहे. विहीणबाईंना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. तुमच्या अंगठ्याची वाट बघत नाही, दोन ओळी लिहा.

आपला,
मधुकर घरत

ता. क. गावकीच्या ग्रुपवर आता साइटचा नवीन फोटो टाकलेला आहे, त्यात ते दोन शब्द नाहीत. पण फोटो कोण बारकाईने बघतो? पुढची हळद, साखरपुडा, काहीही असेल तिथे तुम्ही आपल्या त्याच आवाजात एकदा ‘मसाला सुरक्षित आहे’ एवढं म्हणावं. डीजे बंद असल्याची खात्री करून घ्यावी.

ता. क. दुसरा. वरचं मागणं खरं आहे, पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. रंजिताचा हवापालट पुरा झाला असेल तर येत्या रविवारी मी तिला न्यायला येऊ का? मला लाल कालवणासाठी ती हवी आहे असं समजू नका (तेही आहे). संध्याकाळी ओट्यावर बसून ती ऑर्डरी मोठ्याने वाचायची, कुठल्या गावची, कोणाची, किती, आणि भागीरथी ऐकत ऐकत पुड्या बांधायची. मी तिथेच पेपर घेऊन बसायचो. खरं सांगायचं तर पेपर वाचत नव्हतो, ऑर्डरीच ऐकायचो. हल्ली भागीरथी कानाला फोन लावून ऐकते आणि एकटीच बांधते. मला काही ऐकू येत नाही. पोरीला मी चार माणसांसमोर बोललो आहे. तुमच्याकडे चाळीत चारपेक्षा जास्त माणसं आहेत, त्यांना बसवून घ्या. त्यांच्यासमोर मी तिला सांगेन की यातलं तिला कळतं आणि मला कळत नाही. यायचं की नाही ते तिचं तिने ठरवायचं. तुम्ही तिला आग्रह करू नका, एवढंच मागणं आहे.

ता. क. तिसरा, भागीरथीकडून. नामादादांना आनि विहीनबाईंना नमस्कार. पाकीट चिकटवायला यांनी माज्याकडं दिलं म्हनून वाचलं. फोनची गोष्ट वाडवून लिवली हाय, त्या मानसाला मी फक्त एकच शिवी दिली. रंजिता उद्याच निगनार होती, मीच थांबवलं तिला. यांना येऊ द्या. बोलायला लागले का मदी ‘असू द्या, असू द्या’ करू नका, पुरं बोलू द्या, पहिल्यांदाच बोलनार हायेत. बोलून जालं का मंग जेवाला वाडा. आनि दादा, कालवन लाल करा. लय दिस जाले त्यांना.